पाइपातला प्रवाह नेमका कधी बिघडतो, आणि तो दोन समीकरणांत मावतो कसा?

गेटवाल्व
मंडळी, तेलाच्या लाइनींचं डिझाइन हा माझा पोटापाण्याचा धंदा, ऑफिस चेंबूरला. पाण्याच्या लाइनीत रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास, भागिले द्रवाचा चिकटपणा) लाखांत जातो, प्रवाह टर्ब्युलंट (खळबळणारा) धरायचा, विषय संपला. तेलाचं तसं नाही. ८ इंची लाइन, सेकंदाला १ मीटर वेग, १०० सेंटिस्टोक चिकटपणाचं तेल. हिशेब करा, २०३० येतो. मूडीच्या आलेखात (रेनॉल्ड्स नंबरवरून घर्षणांक काढायचा तो) जो पट्टा राखाडी करून सोडून दिलेला असतो, बरोब्बर त्यात. त्यातून तेल सकाळी गार, दुपारी कोमट, म्हणजे नंबर दिवसभर वरखाली. लॅमिनारचं, म्हणजे शांत, थराथरानं वाहणाऱ्या प्रवाहाचं सूत्र (६४ भागिले रेनॉल्ड्स) घर्षणांक ०.०३२ देतं, टर्ब्युलंटसाठीचं ब्लाझियसचं ०.०४७. दीडपट फरक. ३००० ला तोच दुप्पट होतो. आमचे साहेब म्हणतात, "जास्तीचा धर आणि चहा सांग."

इतकी वर्षं तेच केलं. पण माझी भाची एम.टेक. करते आहे, प्रोजेक्टचा विषय 'रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल', म्हणजे मोजक्या अज्ञातांत बसवलेलं मॉडेल. ती म्हणते, सुपरकॉम्प्युटरवर लाखो-कोट्यवधी अज्ञातं घेऊन जे सोडवतात, त्यातला गाभा वॉरिकच्या ड्वाइट बार्कली नावाच्या गणितज्ञानं दोन समीकरणांत बसवलाय. मला हे पचत नाही. द्रवाच्या वाहण्याची मूळ नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं कुठं आणि ही दोन कुठं! ही समज आहे की नुसती आकडेजुळवणी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कांदेपोहे
पहिला! कळणार काहीच नाही, पण धागा शंभरी गाठणार असं दिसतंय. जागा धरून ठेवतो.

वैतरणा
मी पाणीखात्यात हयात घालवली. पावणेदोन-दोन मीटर व्यासाच्या मुख्य वाहिन्या, मीटरभर वेग, नंबर वीस लाखांच्या घरात. २००० हा आकडा आम्ही फक्त परीक्षेत पाहिला. गंमत अशी की भांडुपहून निघालेलं पाणी सगळी मुंबई टर्ब्युलंट राहून पार करतं आणि तुमच्या मोरीत येऊन या राखाडी पट्ट्यात शिरतं. १ सेंटिमीटरची नळी, मिनिटाला लिटरभर धार, २८ अंशांचं पाणी: नंबर साधारण २५००. आमच्या भागात संध्याकाळी दाब इतका कमी असतो की नळ ठार लॅमिनार असतो.

नुसताच वाचक
वाचतोय.

निळी शाई
गेटवाल्व, प्रश्न झकास आहे. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते, म्हणून आधी प्रयोगाबद्दल.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून पाहिली. वेग कमी असताना रेघ ताठ, वाढवला की एका जागी फिसकटते. आपण पुस्तकात लॅमिनारची मर्यादा म्हणून '२३००' पाठ करतो, पण खुद्द रेनॉल्ड्सला टाकीतलं पाणी नीट निवू दिल्यावर प्रवाह १२-१३ हजारांपर्यंत लॅमिनार ठेवता आला होता. पुढं १९६१ मध्ये फेनिंगरनं तो १ लाखापर्यंत नेला. उलट रेनॉल्ड्सचंच मूळ उपकरण घेऊन मँचेस्टरला पुढं प्रयोग केले तेव्हा आकडा त्याच्याइतका वर जाईना, कारण बाहेर रस्त्यावरची रहदारी वाढली होती.

आमची लॅब रेल्वे लाइनीला लागून आहे. परमँगनेटचा जांभळा धागा नळीत सरळ उभा असतो, पोरं श्वास धरून बघत असतात, आणि फास्ट लोकल गेली की धाग्याच्या टोकाला आधी बारीकसा थरकाप येतो, मग मधोमध हातभर भाग पिंजल्यासारखा होतो, आणि त्याच्या मागचा धागा पुन्हा जसाच्या तसा सरळ. पिंजलेला तुकडा तसाच्या तसा पुढं वाहत जातो. लक्ष द्या: सगळी नळी बिघडत नाही, तुकडा बिघडतो. जर्नलमध्ये मात्र सगळ्या बॅचचं उत्तर २३०० च येतं. एक्स्टर्नललाही तेच हवं असतं.

कांदेपोहे
ताई, आमच्या वेळी २३०० यावा म्हणून स्टॉपवॉच उलटीकडून दाबायचो. खिक्.

शंकासुर
थांबा. १ लाखापर्यंत लॅमिनार राहू शकतो तर मग 'क्रिटिकल' कशाला म्हणायचं? आणि ज्याला नक्की आकडाच नाही त्याचं मॉडेल कसलं करता?

उपनगरी
शंकासुरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी याच्या आसपासच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोल सरळ पाइपातल्या लॅमिनार प्रवाहाला अगदी सूक्ष्म धक्का दिला तर तो धक्का कालांतरानं विरतो, रेनॉल्ड्स नंबर कितीही असो. म्हणजे 'अमुक आकड्याला तोल गेला' असा क्षण या प्रवाहाला नाहीच. धक्का मधल्या काळात बराच फुगू शकतो, आणि मुळात पुरेसा मोठा असेल तर विरायच्या आत प्रवाहाला दुसऱ्या अवस्थेत ढकलून देतो. लोकल गेल्यावर ताईंच्या नळीत घडतं ते हेच. म्हणून 'लॅमिनार कधी मोडतो' या प्रश्नाचं उत्तर तुमची नळी किती गुळगुळीत आणि तोंडाशी पाणी किती शांत यावर ठरतं.

पण प्रश्न उलटा विचारता येतो: एकदा टर्ब्युलंट झालेला तुकडा टिकतो का? त्या पिंजलेल्या तुकड्याला 'पफ' म्हणतात. विग्नान्स्की आणि शँपेन यांनी १९७३ मध्ये पफ आणि त्याहून वरच्या नंबरांना दिसणारे, दोन्हीकडे पसरत जाणारे 'स्लग' यांचं नीट वर्णन केलं. पफ वीसेक व्यासांइतका लांब असतो आणि सरासरी प्रवाहाच्या जवळपास त्याच वेगानं वाहतो. त्याच्या बाबतीत दोनच गोष्टी घडू शकतात: तो अचानक मरतो, किंवा पुढं एक पिल्लू टाकतो, म्हणजे विभागतो. दोन्ही गोष्टींना स्मृती नसते. पफ कितीही जुना असो, पुढच्या क्षणी मरण्याची शक्यता तेवढीच. नंबर वाढला की मरणाला लागणारा सरासरी वेळ भयानक झपाट्यानं वाढतो, आणि विभागायला लागणारा वेळ तितक्याच झपाट्यानं घटतो. दोन्ही वक्र जिथं छेदतात तो आकडा २०४०, अधिकउणे १०. आविला, बार्कली, हॉफ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काढलेला. त्याच्या खाली मरणारे जास्त, वर जन्मणारे जास्त. तर शंकासुर, क्रिटिकल म्हणायचं ते याला. हा आकडा एका पफचा नाही, पफांच्या लोकसंख्येचा आहे.

आणि १८८३ पासून २०११ पर्यंत का लागले? छेदबिंदूपाशी हा सरासरी वेळ साधारण २ कोटी 'व्यास भागिले वेग' इतका आहे. पफ तेवढ्या वेळात जवळपास २ कोटी व्यास अंतर जातो. ४ मिलिमीटरच्या नळीत म्हणजे ८० किलोमीटर.

कांदेपोहे
८० किलोमीटर! सीएसएमटीहून वांगणी मागे टाकून नेरळच्या अलीकडे. रविवारी मेगाब्लॉक असेल तर पफ कल्याणलाच उतरवतील.

शंकासुर
मग मोजलं कसं? एवढी नळी कुणी टाकलेली नाही.

उपनगरी
स्मृती नसल्याचा फायदा घेतला. हजारो व्यास लांबीच्या नळीत पफामागून पफ सोडायचे आणि टोकाशी किती जगले, किती विभागले, ते मोजत बसायचं. प्रत्येक पफ नव्यानं नशीब काढतो, त्यामुळं पुरेसे पफ मोजले की लांबलचक सरासरीचा अंदाज छोट्या नळीत येतो. चिकाटीचं काम आहे.

डेटाभाऊ
सगळं वाचलं. माझ्या मते हा प्रश्न आता जुना झाला. सिम्युलेशनचा डेटा आहे ना? ऑटोएन्कोडर लावा, लाखो अज्ञातं आठ-दहा आकड्यांत दाबा, त्या आकड्यांचं पुढचं पाऊल न्यूरल नेटवर्कला शिकू द्या. दोन समीकरणं हातानं रचायची गरजच काय? २०२० नंतर कोण असं करतं?

स्लो लोकल
डेटाभाऊ, मी करते. :)
(मामा, माझा विषय असा चव्हाट्यावर? आईला सांगणार आहे.)

ऑटोएन्कोडर मीही लावून पाहिला. २१०० च्या डेटावर शिकवला तर २१०० चा पफ सुंदर वाहतो. २३०० ला नेला की कोलमडतो. आणि विभाजन ही दुर्मिळ घटना. ट्रेनिंगच्या डेटात ती बोटावर मोजण्याइतकी असते, त्यामुळं नेटवर्क ती गोंगाट समजून सोडून देतं. जे नेमकं हवंय तेच गाळलं जातं.

मुळात माझा प्रोजेक्ट जुन्या वाटेनं सुरू झाला होता: पीओडी आणि गॅलर्किन. डेटातून सगळ्यात जास्त ऊर्जा धरणारे आकार काढायचे (हे पीओडी, लमलीची १९६७ ची कल्पना) आणि नेव्हिअर-स्टोक्सला त्या मोजक्या आकारांवर उतरवायचं (हे गॅलर्किन). १९८८ मध्ये ऑब्री, होम्स, लमली आणि स्टोन यांनी भिंतीजवळच्या थरासाठी असं छोटं मॉडेल करून दाखवलं होतं. माझ्याकडे दोन जागी अडलं. एक, ज्या बारीक भोवऱ्यांत ऊर्जा जिरते तेच आपण छाटतो, मग मॉडेलमध्ये ऊर्जा साचत जाऊन आकडे उडतात. वरून कृत्रिम चिकटपणा घालावा लागतो. दुसरं जास्त त्रासदायक. पफ चालता असतो. जागेवर बसलेल्या आकारांतून चालती वस्तू उभी करायची तर पाच-दहा आकार पुरत नाहीत, शेकडो लागतात. पफासोबत चालत जाऊन बघितलं तर आकडा उतरतो. विलिस, स्वितानोविच आणि आविला यांनी २०१३ मध्ये पाइपासाठी ही सोबत चालण्याची युक्ती पद्धतशीर मांडली आहे. मी सध्या तीच गिरवतेय.

गेटवाल्व
सांग सांग. आईला सांगितलंस तर फी कुणी भरली तेही सांग.

डेटाभाऊ
स्लो लोकल, मुद्दा मान्य, पण तो डेटा कमी असल्याचा दोष आहे, पद्धतीचा नाही. डेटा द्या, करून दाखवतो.

उपनगरी
डेटाभाऊ, २०४० जवळच्या विभाजनांचा पुरेसा डेटा द्यायचा तर वांगणीपर्यंतचं सिम्युलेशन करावं लागेल. मॉडेल हवंय ते याच कारणासाठी.

आता बार्कलीच्या दोन समीकरणांवर. ती नेव्हिअर-स्टोक्सचा आडवा-उभा छेद घेऊन काढलेली नाहीत, हे आधीच कबूल. पाइपाच्या लांबीवर प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी ठेवल्या: तिथं टर्ब्युलन्स किती आहे (क्यू), आणि मध्यरेषेवर वेग किती आहे (यू). लॅमिनार प्रवाहात मध्यरेषेचा वेग सरासरीच्या बरोबर दुप्पट असतो. टर्ब्युलन्स आला की वेगाचा तो टोकदार आकार चपटा होतो, यू खाली येतो. टर्ब्युलन्स जगतो तो या टोकदारपणातल्या ऊर्जेवर, आणि जगताना ती संपवतो. टर्ब्युलन्स गेला की यू सावकाश पुन्हा चढतो. क्यू वाढायला एक उंबरठा आहे, आणि तो उंबरठा यू वर ठरतो. बस. यातला 'सावकाश' महत्त्वाचा.

दादरच्या फलाटाचं बघा. गाडी आली, गर्दी उचलून नेली. लगेच दोन मिनिटांत मागची आली तर तिला माणसंच मिळत नाहीत, फलाट भरायला वेळ लागतो. पफाची मागची कड (प्रवाह येतो ती बाजू) टोकदार, ताजा प्रवाह खाते. पुढच्या कडेतून चपटा, दमलेला प्रवाह बाहेर पडतो. त्या दमलेल्या पट्ट्यात दुसरा पफ जगू शकत नाही. म्हणून पफ एकमेकांपासून अंतर ठेवून असतात, आणि पिल्लूही थोड्या अंतरावर, यू पुरेसा सावरल्यावरच जन्मतं. मज्जातंतूतून जाणारा संदेश याच घडणीचा असतो: उंबरठा, ठिणगी, मग विसाव्याचा काळ. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये त्याची समीकरणं लिहिली, आणि बार्कलीनं २०११ मध्ये हे नातं पाइपापर्यंत आणलं.

मीटरगेज
फलाटाची गोष्ट ऐकायला बरी, पण दिशा उलटी वाटते. पुढची गाडी गर्दी उचलते आणि मागचीला मिळत नाही. तुम्ही तर म्हणताय वरच्या अंगाचा पफ खातो आणि खालच्या अंगाचा उपाशी. वाहण्याच्या दिशेत खालचा पफ पुढं आहे ना?

उपनगरी
मीटरगेजराव, नजर चांगली आहे. मध्यरेषेवरचा द्रव पफापेक्षा जोरात धावतो. त्या द्रवावर बसून पाहिलंत तर दोन्ही पफ उलटे, वरच्या अंगाला चाललेले दिसतील. त्या दिशेनं वरच्या अंगाचा पफ म्हणजे पुढची गाडी.

मीटरगेज
बरोबर. पटलं.

शंकासुर
मला नाही पटलं. तीन हरकती.
पहिली: समीकरणात स्थिरांक किती आहेत आणि ते कुठून आले? मोजमापांवरून बसवले असणार.
दुसरी: नुसत्या दोन समीकरणांत पफ एकदा झाला की तसाच चालत राहील. मरणं आणि विभागणं त्यात कुठून येतं?
तिसरी: वरून रँडम गोंगाट मिसळला असेल तर मग सगळंच जमतं.

उपनगरी
दुसरी हरकत शंभर टक्के खरी. निखळ समीकरणांत पफ अमर असतो. यदृच्छा मिसळावीच लागते (२०११ च्याच कामात गोंगाटाऐवजी केऑटिक पायऱ्या घेतलेली एक आवृत्तीही आहे). पण ती कशी मिसळली आहे ते बघा: गोंगाट क्यू ला गुणून येतो. क्यू शून्य असेल तिथं गोंगाटही शून्य. म्हणजे लॅमिनार भागात आपोआप ठिणगी पडूच शकत नाही, विझलं ते विझलं, शेजारून पेटलं तरच पेटणार. या एका अटीमुळं पाइपाचा प्रश्न 'डायरेक्टेड पर्कोलेशन' नावाच्या सांख्यिकी भौतिकीतल्या ओळखीच्या कुळात जाऊन बसतो. पोमो यांनी हा अंदाज १९८६ मध्येच मांडला होता. पाइपात वेळ इतका लांब लागतो की त्याचा पडताळा यायला २०२४ उजाडलं. त्यात पफ एकामागे एक तुंबतात असंही दिसलं, विसाव्याच्या पट्ट्यामुळंच.

पहिल्या हरकतीबद्दल: काही स्थिरांक मोजलेल्या वेगांवरून घेतले, हो. पण २०१५ च्या कामात बघण्यासारखी गोष्ट आकडे जुळणं ही नाही. नंबर वाढवत नेला की पफ टिकून राहण्याऐवजी पसरू लागतो (साधारण २२५० च्या पुढं), आधी कमजोर स्लग होतो, ज्याची पुढची कड अजून पफासारखी ढिली असते, आणि बराच वर गेल्यावर दोन्ही कडा कडक असलेला स्लग. ही क्रमवारी समीकरणांच्या घडणीतून निघते, स्थिरांक हलवले तरी राहते, आणि ती गोल पाइप आणि चौकोनी डक्ट दोन्हीत मोजून दिसली. आधी प्रयोगवाल्यांना स्लगांचे वेग विखुरलेले दिसायचे, आता त्यांना नावगाव मिळालं.

शंकासुर
क्रमवारीचा मुद्दा वजनदार आहे. गोंगाटाचं मात्र अजून गळ्याखाली उतरत नाही. नेव्हिअर-स्टोक्समध्ये यदृच्छा नाही, ती तुम्ही अज्ञान झाकायला आणली.

स्लो लोकल
शंकासुर, छाटलेल्या लाखो अज्ञातांची वळवळ कुठंतरी जायला हवी ना. पीओडीत मी ती कृत्रिम चिकटपणा म्हणून घालते, बार्कली गोंगाट म्हणून घालतो. माझी चिकट भर पफाला मरू देत नाही, त्याचा गोंगाट देतो. मला त्याचं जास्त प्रामाणिक वाटतं.

निळी शाई
धाग्यात एक आपल्याकडची आठवण राहू नये म्हणून. 'प्रवाहाचा किती भाग टर्ब्युलंट' या एका आकड्यावर हिशेब करायची कल्पना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९५० च्या दशकात पक्की झाली. सतीश धवन आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांचा १९५८ चा शोधनिबंध सपाट पृष्ठावरच्या सीमाथरासाठी (पृष्ठाला लागून वाहणाऱ्या पातळ थरासाठी) आहे: लॅमिनार आणि टर्ब्युलंट यांची वेळेच्या हिश्शानं सरमिसळ करायची, तो हिस्सा अंतराप्रमाणं कसा वाढतो त्याचा एक सर्वसामान्य वक्र. कमी अज्ञातांचं मॉडेल याहून कमी कसलं असणार! टर्बाइनच्या पात्यांचे हिशेब करणारे लोक आजही त्याच्याच वंशातली सूत्रं वापरतात.

वैतरणा
धवन म्हणजे इस्रोवाले? त्यांचं नाव आम्हाला श्रीहरिकोटामुळं माहीत. ते पाइपात, म्हणजे थरात, होते हे आजच कळलं. ताई, आभार.

कांदेपोहे
श्रीहरिकोटा आलं, आता धागा गगनयानावर जाणार. संपादक कुठं आहेत?

प्रवाहपतित
मी डॉक्टर आहे. पाइपाचा लॅमिनार नियम ज्यांच्या नावानं ओळखतात ते पॉइजॉय स्वतः वैद्य होते, बारीक केशनळ्यांतले प्रयोग त्यांनी रक्ताभिसरणाच्या कुतूहलापोटी केले. महाधमनीत ठोक्याच्या शिखरावर नंबर काही हजार असतो, तरी निरोगी माणसात ती सतत टर्ब्युलंट नसते. उपनगरी, तिथं हे पफांचं गणित लागतं का?

उपनगरी
डॉक्टर, जसंच्या तसं नाही. ठोक्यागणिक वेग चढतो-उतरतो, नळी लवचिक, वळलेली, आणि लांबी पफाच्या वीस व्यासांइतकीही धड नाही. इथल्या समीकरणांची भिस्त लांबच लांब सरळ नळीवर आहे.

गेटवाल्व
डॉक्टरांचं झालं, आता माझ्या लाइनीचं. उत्तर शोधनिबंधात असेल, पण मला उद्या पंपाचं पत्रक भरायचंय. २०३० ला घर्षणांक किती धरू?

उपनगरी
गेटवाल्व, तुमच्या लाइनीची लांबी किती?

गेटवाल्व
२ किलोमीटर, जवळजवळ सरळ.

उपनगरी
म्हणजे साधारण १०,००० व्यास. छेदबिंदूपाशी पफाचा निकाल लागायला २ कोटी व्यास लागतात. तुमच्या लाइनीत २०३० ला पफाला मरायलाही सवड नाही आणि विभागायलाही नाही. तोंडाशी जितके पफ शिरले तितकेच जवळपास दुसऱ्या टोकाला बाहेर पडणार. याचा अर्थ, या पट्ट्यात घर्षणांक हा रेनॉल्ड्स नंबरचा गुणधर्मच उरत नाही. तो तुमच्या पंपाचा, गाळणीचा आणि पहिल्या एल्बोचा (वळणाच्या जोडाचा) गुणधर्म होतो. मूडीचा पट्टा राखाडी आहे तो आळसापोटी नाही, तिथं एक रेघ काढणं शक्यच नाही.

हिशेबाला मात्र ताईंनी सांगितलेली सरमिसळ चालेल: लाइनीचा जितका हिस्सा टर्ब्युलंट, तितका ०.०४७, बाकीचा ०.०३२. नंबर १८०० च्या खाली असेल तर एवढ्या लांबीत पफ वाटेतच मरतात, लॅमिनार धरा. २५०० च्या पुढं तोंडाशी गडबड असेल तर टर्ब्युलंट धरा. मधल्या भागात दोन्ही टोकं काढा आणि पंप दोन्हीकडे चालेल असा घ्या. चर्चिलचं १९७७ चं सूत्र सगळ्या पट्ट्यांतून सलग जातं आणि सॉफ्टवेअरला सोयीचं आहे, पण मधल्या भागात ते फक्त गुळगुळीत जोड आहे हे विसरू नका.

मीटरगेज
प्लांटात काम करणारा म्हणून सांगतो, ही चैन कागदावरची. पंपाच्या तोंडाशी अर्धवट उघडा वाल्व, लगेच दोन एल्बो, वर वेल्डचा मणी आत आलेला. शिरतानाच सगळं घुसळलेलं असतं. २०३० ला सरळ टर्ब्युलंट धरा. साहेबांचा चहा बरोबर आहे.

उपनगरी
आकड्यापुरते साहेब बरोबर, हरकत नाही. पण दुपारी तेल कोमट होऊन दाब मागंपुढं होऊ लागला तर लगेच पंप उघडू नका. पफ रांगेनं बाहेर पडत असतील तर प्रवाहाचा रोध क्षणाक्षणाला बदलतो.

गेटवाल्व
हे अगदी असंच दिसलंय! गेजचा काटा नाचतो म्हणून आम्ही गेज बदलून पाहिलं होतं.

डेटाभाऊ
उपनगरी, ती दोन समीकरणं चालवून बघायची तर किती ताकदीचं यंत्र लागेल?

उपनगरी
साधा लॅपटॉप. एकमितीय जाळी, दोन्ही टोकं जोडलेली, एका ठिकाणी क्यू ची ठिणगी टाका आणि बघत बसा. गोंगाट गुणून घालायला विसरलात तर सगळी नळी आपोआप पेटेल आणि निष्कर्ष उलटा निघेल.

शंकासुर
सरळ नळीला जमलं, चौकोनी डक्टला जमलं, ठीक. रिफायनरीतली नळी वळते. वळणाच्या पाइपात हीच दोन समीकरणं चालवून दाखवा, मग बोलू.

स्लो लोकल
तिथं नाही चालणार, आणि कारण मजेशीर आहे. पाइपाला गुंडाळीसारखं सतत वळण दिलं आणि वळण एका मर्यादेपलीकडे गेलं (पाइपाचा व्यास भागिले गुंडाळीचा व्यास, साधारण ०.०२८) तर पफ निघतच नाहीत. प्रवाहाचा तोल एका ठराविक नंबरला खरोखरच जातो, आधी लाटा उठतात, मग हळूहळू खळबळ. उंबरठा नाही की ठिणगी नाही. त्याहून कमी वळण असेल तर पफ येतात. मर्यादेच्या अगदी जवळ दोन्ही वाटा कशा भांडतात यावर काही वाचण्यासारखं असेल तर सुचवा. मामा, तुमच्या लाइनीत गुंडाळी आहे का?